टोपलीखालची पिल्लं

फार वर्षांपूर्वी एका बेटावर खेकड्यांनी कासवांच्या पिल्लांसाठी सेवा मंडळ काढलं. पिल्लं वाळूतून वर आली की त्यांच्यावर टोपली झाकायची आणि पाहुण्यांसमोरच ती उचलायची, अशी तिथली रीत होती.

एकदा पहाटेच वीस पिल्लं वर आली. पाहुणी बदकं मात्र दुपारी यायची होती.

"मावशी, आम्हाला जाऊ द्या ना! समुद्र समोरच आहे," टोपलीखालून एक पिल्लू म्हणालं.

"असं कसं, बाळा? तुमच्यासाठीच येतायत ती एवढ्या लांबून," अध्यक्ष चिंबोरीबाई म्हणाल्या.

ऊन चढलं, वाळू तापली. अखेर बदकं आली. स्वागत झालं, भाषण झालं आणि मग टोपली उचलली गेली. तीन पिल्लं कशीबशी पाण्यापर्यंत पोचली. बाकीची हललीच नाहीत.

"किती शांत पिल्लं! डोळे भरून आले," एका बदकाने अभिप्राय-वहीत लिहिलं.

संध्याकाळी निरोप आला, की बेटाच्या मागच्या बाजूला मंडळाच्या नजरेतून एक घरटं सुटलं होतं आणि त्यातली सगळी पिल्लं सकाळीच समुद्रात गेली.

चिंबोरीबाई हळहळल्या. "अरेरे! बिचाऱ्यांच्या मदतीला कोणीच नव्हतं."