दारातला बाजार

फार पूर्वी, माणसांनी नदीकाठी फळबाजार नुकताच मांडला होता, तेव्हाची गोष्ट. धाकट्या साळुंकीने बाजाराच्या अर्ध्या वाटेवर, जांभळाच्या ढोलीत बिऱ्हाड थाटलं आणि तिच्या थोरल्या जावेच्या पोटात दुखायला लागलं. थोरलीचं घर लांब टेकडीवरच्या सावरीत होतं.

"आपल्याकडे मोकळी हवा आहे," नवरा म्हणाला.

"हवा काय चाटायचीय?" ती फणकारली.

मग घरं बघणं सुरू झालं. ढोली कोरडी आहे का, हेही ती विचारायची नाही. "धाकटीपेक्षा जवळ आहे ना?" एवढंच विचारायची. शेवटी बाजाराच्या भिंतीतलं एक भोक तिला पसंत पडलं. आत धूळ, खाली मांजर. पण चार पंख मारले की पपई!

"बरं झालं जाऊबाई, तुमची दगदग संपली," धाकटी मनापासून म्हणाली.

त्या दिवसापासून थोरली रोज संध्याकाळी जांभळापर्यंत उडत जायची. धाकटी किती दमून येते ते पानाआडून बघायची, आणि ती गाताना दिसली की चरफडत परतायची.

एकदा नवऱ्याने विचारलंच, "अगं, बाजार तर दारात आला. मग तू रोज एवढी धापा टाकत येतेस कुठून?"