रिकामा धोटा

सोलापुरात व्यंकप्पा शेठचा हातमागांचा कारखाना होता. शेठ दिवसभर पळायचा, ओरडायचा, घाम पुसायचा, आणि कारखाना वर्षानुवर्षं होता तिथंच. त्याचा हुकूम एकच होता, ज्याचा माग थांबला तो माणूस घरी.

म्हातारा नरसय्या सकाळपासून त्याच्या मागं लागला होता. "शेठ, आडवं सूत संपलं. गोदाम उघडून द्या."

"मला मरायला फुरसत नाही, मग बघू," असं म्हणत शेठ पुढं पळायचा. दर वेळी हेच.

थांबावं तर नोकरी जाणार, आणि या वयात दुसरीकडं कोण उभं करून घेणार? नरसय्यानं दुखऱ्या पायांनी माग सुरू ठेवला आणि सूत नसलेला धोटाच इकडून तिकडं फेकत बसला.

दुपारी शेठ जाता जाता म्हणाला, "शाब्बास, अशी खटखट पाहिजे." मग त्याची नजर मागावर गेली. "अरे, कापड कुठाय? सकाळपासून करतोयस काय?"

"तुम्ही करताय तेच, शेठ," नरसय्या पाय न थांबवता म्हणाला. "दमलो लई, पण थांबलो नाही."

शेजारचे विणकर माना खाली घालून हसले. शेठ गोदामाकडं निघाला, या खेपेला पळत नाही, चालत.