हेमवतीची मोहोर

एका राज्यात पाखरे बोलत असत, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. बगळे पुराची वर्दी देत, साळुंक्या पोरांना पाढे सांगत. राजा मणिधराच्या पदरी हेमवती नावाची द्रव्यपरीक्षक होती. तिची मोहोर उमटल्यावाचून कोणतीही भुकटी, रंग वा औषध राज्यात वापरायचे नाही, असा दंडक होता. तिच्या खांद्यावर सदैव एक साळुंकी बसे.

एके दिवशी मांत्रिक भस्मांग निळ्या भुकटीचे शंभर रांजण घेऊन आला. चिमूटभर फुंकली की शेतातली कीड नाहीशी. राजा हरखून म्हणाला, “हेमवती, मोहोर उमटव. तपासणी सावकाश कर.” आणि तिने प्रत्येक रांजणाच्या पोटावर लाखेची मोहोर उमटवली.

भुकटी शेतोशेती फुंकली गेली आणि पंधरवड्यात पाखरांची वाचा बसली. साळुंकी नुसती चोच उघडी, आवाज फुटत नसे. तेव्हा कुठे हेमवतीने भुकटी तपासली आणि तडक दरबार गाठला.

“महाराज, हे विष आहे. थांबवा.”

“पुरावा?”

तिने नदीतले मेलेले मासे आणले. भस्मांग म्हणाला, “म्हातारे झाले असतील.” तिने विहिरीचे निळे पाणी आणले. तो म्हणाला, “आभाळ उतरले आहे त्यात.” दरबार हसला. हसणाऱ्यांच्या घरी पाणी डोंगरावरून येत होते, त्यांचे काय जात होते?

तिसऱ्यांदा राजा म्हणाला, “एखादा माणूस दगावला तर सांग.”

हेमवतीच्या अंगाची लाही लाही झाली. “प्रेते उचलायला परीक्षक कशाला हवा, महाराज?”

ती तरातरा कोठारात शिरली. मागोमाग राजा आणि सारा दरबार. तिने एका रांजणाला कान लावला. आत कुजबुज होती. पाखरांचे आवाज तिच्याच मोहोरेखाली कोंडलेले होते.

भस्मांग आडवा आला. “ज्याने लावली त्यानेच मोहोर फोडावी, असा मंत्र आहे. पण फोडलीस तर पद जाईल. आपली चूक चारचौघांत कोण कबूल करते?”

“मी करते. न तपासता मोहोर मीच लावली.”

तिने एकेक मोहोर फोडली. आवाज भुर्रकन उडाले आणि भस्मांगाची वाचा बसली ती कायमची. राजाने मान खाली घातली. आधी तपासणी, मग मोहोर, असे वेशीवरच्या शिळेत कोरवले आणि हेमवतीचे पद कायम ठेवले. मातीत मुरलेली भुकटी मात्र मंत्राने निघेना. ती खरवडून काढायला सात वर्षे लागली.

साळुंकी मात्र मोहोरा फुटल्या त्याच दिवशी बोलली होती.

“रांजण आले तेव्हाच मी भुकटी चाखली होती,” ती म्हणाली. “जीभ भाजली, लगेच बोलता येईना, आणि तुझी मोहोर लागताच आवाजच गेला. तू घटकाभर थांबली असतीस तर सांगितले असते.”