खडकाळ्यापर्यंत गलबत

एका राज्यात राजापेक्षा नदीचा मान मोठा होता. नदीचं नाव दीर्घा. तिच्या मुखाशी बंदर आणि वर डोंगरात शेवटचं गाव खडकाळे. दर वर्षी राजाचं गलबत समुद्रातून नदीत शिरे आणि जिथवर चढे तिथवर राजाचं राज्य, असा रिवाज. इतर राजे हद्दीवर कुंपणं घालत बसतात, बापडे. आमच्या राज्याची हद्द पाण्यावर तरंगत जाई.

डोंगरातल्या धूम्रनाथ जादूगाराला हे सोसेना. त्याने शाप दिला, "गलबत जिथे अडेल, त्याच्या वरची माणसं पाषाण होतील. तिसऱ्या वर्षीही ते खडकाळ्याला पोचलं नाही, तर ती कायमची माझी." आणि काय सांगावं, त्याच वर्षी गलबत मध्येच अडलं. खडकाळे उभंच्या उभं दगड झालं. दुसऱ्या वर्षी गलबत आणखी खालीच अडलं. दोन्ही वर्षी गलबत निघण्याआधी धूम्रनाथाने सोन्याच्या पेट्या नजराणा म्हणून पाठवल्या. राजा प्रतापकेतूला वाटलं, जादूगार आपल्याला भ्याला. गलबतावर चढलेला नजराणा कधी उतरवायचा नाही, हाही तिथला रिवाज. पेट्या तळाशी राहिल्या. गर्वाला डोळे नसतात, दुसरं काय.

तिसऱ्या वर्षी सुकाणू नागूबाई तांडेलिणीने मागून घेतलं. तिची एकुलती एक लेक शेवंती खडकाळ्यात दिलेली होती. घागर भरताना पाषाण झालेली.

राजाला घेऊन गलबत निघालं तेव्हा डोलकाठीवर एक खंड्या पक्षी येऊन बसला. तो म्हणाला, "नागूबाई, वाटेत तीन अडथळे आहेत. वाळूचा दांडा धीराने ओलांड. मगरखडक हलकी होऊन ओलांड. शेवटची धार मान वाकवून चढ."

"ऐकलं," नागूबाई म्हणाली.

वाळूच्या दांड्याशी खलाशी वल्ही मारायला धावले. तिने त्यांना खाली बसवलं. भरतीचं पाणी चढेपर्यंत सगळे गप्प बसून राहिले, मग गलबत आपसूक दांड्यावरून सरकलं.

मगरखडकाशी तळ खरवडू लागला. नागूबाईने शिसं बांधलेली दोरी सोडून पाणी मोजलं. पाणी पूर्वीइतकंच होतं. गलबतच खोल बसलं होतं.

"महाराज, नदी आटलेली नाही. आपण जड झालो आहोत. पेट्या पाण्यात टाकाव्या लागतील."

"तो राज्याचा मान आहे, तांडेलबाई. रिवाज मोडायचा नाही."

"सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, महाराज. वर माझी लेक उभी आहे. आपलीही प्रजा आहे ती."

राजाने पेट्या तळातून वर आणवल्या. मग त्याने स्वतः पहिली पेटी ढकलली, पाठोपाठ बाकीच्याही गेल्या. पाण्याला लागताच सोन्याची राख झाली आणि वाहून गेली. गलबत हातभर वर आलं.

उरली शेवटची धार. तिथे शीड चालेना, वल्ही चालेनात. गलबताला दोर बांधून काठावरून ओढणं एवढाच मार्ग होता. खलाशी दोराला लागले, पण माणूस एक कमी पडत होता. राजाने मुकुट काढून ठेवला, दोर खांद्यावर घेतला आणि मान वाकवली. अंगरखा फाटला, पाय सोलवटले. खालच्या गावांतून काठाकाठाने गलबतामागे आलेली माणसं बघत होती. त्या दिवसाइतका आपला राजा त्यांना कधीच आवडला नव्हता. मग तीही दोराला लागली.

गलबत खडकाळ्याच्या घाटाला टेकलं. नागूबाईने नांगर टाकला. त्याच क्षणी गावात कोंबडे आरवले, चुली पेटल्या, माणसं हलली. शाप उलटला, आणि आपले दगड न्यायला घाटावर आलेला धूम्रनाथ पळता पळता तिथेच पाषाण झाला. आता तिथले लोक त्याला होड्या बांधतात. चांगला मजबूत आहे.

शेवंतीने घागर कमरेवर घेतली आणि समोर आईला पाहिलं.

"आई, एवढं मोठं गलबत इथवर कोणी आणलं?"

"मी आणलं," नागूबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

मागे राजा धापा टाकत उभा होता. तो म्हणाला, "खरं आहे. तिनंच आणलं. आम्ही ओढायला होतो."

दीर्घेच्या लेकीबाळी जशा सुखरूप भेटल्या, तशा सगळ्यांच्या भेटोत.