हिरडेवाडीची नासपती

हिरडेवाडीच्या वरच्या अंगाला नासपतीची पाच-सहा जुनी झाडे आहेत. फळ गोल, खरखरीत सालीचे आणि रसाने भरलेले. पाहुणे भाव विचारतात, तेव्हा वाडीतले सखोबा ढेबे हात जोडतात. ही फळे विकायची नाहीत. कच्च्या फळांचे घरोघर लोणचे घालतात, आणि पिकलेली पोरांच्या खोकल्यासाठी राखतात. "औषध गुणाचं हाय, पण त्याची गोष्ट आमच्या तोंडाला काळं फासणारी हाय," असे म्हणून सखोबा सांगायला बसतात.

इंग्रजी अमलात या डोंगरावर चिनी कैदी आणून ठेवले होते, असे सांगतात. त्यांतला एक जण इथे साहेबाची बाग राखायचा. ही झाडे त्यानेच लावली. बागेत दूध घालायला ठकूबाई ढेबे जायची. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, बायडी. एका पावसाळ्यात पोरीला असा खोकला लागला, की खोकून खोकून ती निळी पडे. काढे झाले, देवाला कौल लावून झाले. शेवटी ठकूबाईने त्या माळ्यापुढे पदर पसरला.

कैद्याला वाडीत पाऊल टाकायची बंदी होती. तरी तो आला. त्याने नासपतीचा देठाकडचा काप काढला, आतल्या बिया कोरल्या, पोकळीत मध आणि चिमूटभर मिरपूड भरली, काप पुन्हा झाकणासारखा बसवला आणि फळ वाटीत ठेवून वाफेवर शिजवले. सुटलेला रस स्वतःच्या हाताने पोरीला पाजला. चार दिवस येत राहिला, म्हणे. पोर उठून बसली.

मग कुणीतरी चुगली केली. शिपायांनी त्याला धरून ठकूबाईच्या दारात उभे केले. मागे जातीचे पंच.

"बाई, तू बोलावलंस याला?" शिपायाने विचारले.

हो म्हणावे, तर कैद्याच्या हातचे पोरीला घातले म्हणून वाळीत पडायचे. मग पोरीला कोण करून घेणार? ठकूबाई खाली बघत म्हणाली, "म्या न्हाई बोलावलं. चोरून शिरला त्यो."

माळ्याला तेवढी मराठी समजत होती. त्याने बेड्यांसाठी हात पुढे केले. त्याची सुटका तोंडावर आली होती, असे सांगतात. ती हुकली. त्याला दूरच्या तुरुंगात नेले आणि तिथेच तो मेला. ठकूबाईचे दूध मात्र रोज खपत राहिले.

पुढे बायडी लेकराला घेऊन माहेरी आली, आणि त्या लेकरालाही तसाच खोकला लागला. ठकूबाईने नासपती शिजवली, वाटी हातात घेतली, पण हात पुढे जाईना. ती उंबऱ्यात आली आणि भर दुपारी ओरडली, "म्याच बोलावलं व्हतं त्येला!"

पारावरच्या म्हाताऱ्या पंचाने मान वर केली. "कुणाला गं?"

ठकूबाईने तोंड उघडले. पण त्याचे नाव तिने कधी विचारलेच नव्हते.

आजही वाडीत पोरासाठी नासपती शिजली, की आई आधी उंबऱ्यात येऊन तेच वाक्य मोठ्याने म्हणते. शेजारीण आपल्या दारातून विचारते, "कुणाला गं?" त्यावर काही बोलायचे नसते. आई आत जाते आणि पोराला रस पाजते.