उपरण्याखालचा भाव

पूर्वी तगर नगरात वीरसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कांबळी विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव भद्रसेन. पेढी काही मोठी नव्हती. डोंगरातले मेंढपाळ कांबळी विणून आणीत, बोधिसत्त्व ती घेत आणि दूरदेशीच्या सार्थवाहांना, म्हणजे व्यापारी तांड्यांच्या नायकांना, विकत. पण ही कथा त्यांच्या पेढीवर सुरू होत नाही. ती सुरू होते सोमिल नावाच्या विक्रेत्याच्या घरी, कारण त्याचे काम नुकतेच गेले होते.

आधी तगरच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, मधे उपरणे पसरत, त्याखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटे दाबून भाव सांगत. तीन बोटे धरली की तीन, पाचही धरली की पाच. मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही पत्ता लागत नसे. आणि उपरण्याखाली कळलेला भाव बाहेर बोलायचा नाही, हा नियम बापजाद्यांपासून चालत आलेला. विक्रेत्याला पगार नव्हता. त्याने विकलेल्या मालाच्या दर शंभर गाठींमागे काही गाठींचे मोल त्याचे. नवख्याला दोन, मुरलेल्याला पाच.

सोमिल बारा वर्षे वरुण श्रेष्ठींच्या तलम कापडाच्या पेढीवर पाच गाठींवर होता. म्हातारे वरुण श्रेष्ठी थकले, पेढी जावयाच्या हातात गेली. जावयाला एक मामेभाऊ होता आणि मामेभावाला काही कामधंदा नव्हता. झाले! सोमिलच्या बोटातली पेढीची अंगठी मामेभावाच्या बोटात गेली.

तेव्हा शरदातल्या पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. त्या पौर्णिमेला वर्षाचा मोठा बाजार उघडे, आणि त्या दिवशी ज्याच्या बोटात कुठल्याच पेढीची अंगठी नसेल त्याला पुढे वर्षभर बाजारात बसता येत नसे. मग उरे ती वखारीतली हमाली. सोमिल त्रेचाळीस वर्षांचा होता. उजवा गुडघा जिना चढतानाच कुरकुरे, तिथे पाठीवर कापडाची गाठ कुठून पेलणार?

"आठ दिवस म्हणजे खूप झाले," तो बायकोला, सुलसेला म्हणाला. "अगं, बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. मी बारा वर्षं लोकांचं कापड खपवलं, मला स्वतःला खपवायला कितीसा वेळ?"

"कापडाला गुडघा नसतो," सुलसा सूत काततच म्हणाली. "जा, पण नीट सांगा."

आता जी चूक सोमिलने केली ती शेतकऱ्याने केली नसती, कुंभारानेही केली नसती. ती विक्रेत्यानेच करावी. तो स्वतःला कापडासारखा विकायला निघाला. पहिल्या दिवशी तो तेलाच्या पेढीवर गेला आणि म्हणाला की तेल म्हणजे माझा जीव की प्राण. मालकाने करडईचे आणि तिळाचे तेल दोन वाट्यांत पुढे ठेवले, तेव्हा त्याने वास घेऊन नेमके उलटे सांगितले. दुसऱ्या दिवशी मिठाच्या पेढीवर तो म्हणाला की लहानपणापासून मला मिठाचाच धंदा करायचा होता. मालक हसला. "लहानपणी मुलं गूळ मागतात," तो म्हणाला, "मीठ मागणारं मूल मी पहिल्यांदाच पाहतोय."

भावाचेही तेच. सवयीप्रमाणे त्याने सुरुवात चढी केली, सात गाठी. कोणी नुसत्या भुवया उंचावल्या की तो आपणहून सहावर येई. कोणी गप्प राहिले की पाचावर. हस्तिदंताच्या पेढीवर तर मालक नुसता पाण्याचा तांब्या शोधायला वळला, तेवढ्यात हा चारांवर उतरला. सगळीकडून उत्तर एकच मिळाले, "बरं, कळवतो." तगरमध्ये कळवतो म्हणणाऱ्याने कधी कळवल्याचे कोणाला आठवत नव्हते.

आणि जिथे ओळख होती तिथे तो मुद्द्याचे बोलतच नसे. सहज इकडून चाललो होतो, म्हटले डोकावून जावे, असे म्हणून हवापाण्याच्या गप्पा मारून परत येई. सुलसेला हे कळले तेव्हा तिने सूत कातायची चाती खाली ठेवली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" ती म्हणाली. "काम हवंय म्हणायला जीभ झडते का तुमची?"

"तू काही बोलू नकोस," सोमिल म्हणाला. त्याला भीती वाटत होती. बायकोसमोर ती कबूल करायची लाज वाटत होती, एवढेच.

सहाव्या दिवशी मात्र बोलावणे आले, तेही मणिनाग श्रेष्ठींकडून. तगरमधली सर्वांत मोठी कापडाची पेढी त्यांचीच. सोमिल धुतलेले उत्तरीय पांघरून गेला. मणिनागांनी त्याला बसायला आसन दिले, मध घातलेले दूध दिले, आणि अंगठीच पुढे ठेवली. सोन्याचे पाणी दिलेली, वर नागाचा फणा.

"सात गाठी," मणिनाग म्हणाले. तोंडाने, उघड. "सोमिल, तुझी कीर्ती मला ठाऊक आहे. मला एकच सांग. भरुकच्छ बंदराचा सार्थवाह वरुणच्या पेढीचं कापड शेवटी कोणत्या भावाला उचलतो? बारा वर्षं तुझ्याच हातात त्याचा हात होता. तो भाव मला कळला की या पौर्णिमेला मी एक बोट खाली येतो आणि सगळा सार्थ माझ्या दारात उभा राहतो."

त्यांनी उपरणे पसरले. सोमिलने हात आत घातला. त्याला भाव पाठ होता, झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. वरुण श्रेष्ठींच्या जावयाचे तो काडीचेही देणे लागत नव्हता, उलट त्याची जिरली असती तर बरेच वाटले असते. मणिनागांचा हात त्याच्या हाताला लागला. आणि त्याची बोटे हलेनात.

"श्रेष्ठी," तो शेवटी म्हणाला, "तो भाव माझा नाही. त्या सार्थवाहानं विश्वासानं हात दिला होता."

"विचार कर. परवा पौर्णिमा आहे."

"केला."

मणिनागांनी अंगठी उचलून डबीत ठेवली. रागावले नाहीत. "बरं, कळवतो," ते म्हणाले.

घरी येताना सोमिल स्वतःला वाटेल ते बोलत होता. मूर्ख, गाढव, कोणी सांगितला होता शहाणपणा! सुलसेला त्याने एवढेच सांगितले की जमले नाही. रात्री तो गुडघ्याला तेल चोळत बसला, आणि ते तेल करडईचे की तिळाचे हे त्याला तेव्हाही कळले नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो भद्रसेनांच्या पेढीवर गेला. कांबळ्यांच्या धंद्याकडे तलम कापडाचा विक्रेता एरवी ढुंकूनही पाहत नसे. पण आता सगळी दारे झाली होती. त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. भद्रसेनांचा विक्रेता चार दिवसांपूर्वी एका सार्थाबरोबर समुद्राकडे निघून गेला होता, आणि नव्या विक्रेत्यासाठी तेही तितकेच अडले होते. माणूस मिळाला नाही तर डोंगरातल्या चाळीस घरांची वर्षाची कांबळी पडून राहणार होती.

बोधिसत्त्व एका कांबळ्यातले काटे वेचत बसले होते. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ सुदंत. सोमिलला पाहताच सुदंताचे डोळे चमकले, पण त्याने लगेच मान खाली घालून काटे वेचायला घेतले. तोही व्यापारीच होता.

सोमिलने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की आज बोलायला काही उरलेले नाही. कांबळी म्हणजे माझा जीव की प्राण, हे वाक्य घशापर्यंत आले आणि तिथेच मेले.

"मला काम हवंय," तो म्हणाला.

"बसा," बोधिसत्त्व म्हणाले. "वरुण श्रेष्ठींकडचे सोमिल ना तुम्ही? काय करता येतं ते मला ठाऊक आहे, सगळ्या तगरला ठाऊक आहे. तुम्ही काय करत नाही, तेवढं सांगा."

हे आजवर कोणी विचारले नव्हते. सोमिलने थोडा विचार केला.

"ओझं उचलत नाही, गुडघा दुखतो," तो म्हणाला. "तेलातलं मला कळत नाही, तरी तेलाच्या पेढीवर खोटं बोललो. कांबळ्यातलंही कळत नाही, शिकावं लागेल. विरलेला माल चांगला म्हणून विकत नाही. एकदा विकला होता, पहिल्या वर्षी, मग त्या माणसाच्या गावी जाऊन परत आणला." तो थांबला. मग एकदम म्हणाला, "आणि उपरण्याखालचं बाहेर सांगत नाही. काल मणिनाग श्रेष्ठींनी विचारलं होतं. अंगठी पुढे ठेवली होती त्यांनी. नाही सांगितलं, आणि आता पस्तावतोय. हेही खरंच सांगतो, पस्तावतोय."

बोधिसत्त्वांनी वेचलेले काटे झटकून टाकले आणि आपले उपरणे दोघांच्या मधे पसरले.

सुदंत भावाच्या कानाशी लागला. "दादा, गरजवंताला अक्कल नसते," तो कुजबुजला. "उद्या पौर्णिमा. दोनवरसुद्धा येईल. तू घाई करू नकोस."

सोमिलने उपरण्याखाली हात घातला. मालकाचा हात हाताला लागला, खरखरीत, लोकरीच्या तेलाने ओशट. चार म्हणावे असे तो ठरवून आला होता. पण गुडघा आठवला, वखार आठवली, चाती खाली ठेवून बघणारी सुलसा आठवली. त्याने तीन बोटे धरली.

समोरच्या हाताने त्याचा हात फिरवला आणि पाचही बोटे धरली.

सोमिल चमकला. बारा वर्षांत त्याने हजारो हात धरले होते. घेणाऱ्याचा हात खाली येतो, विकणाऱ्याचा वर जातो, सूर्य पूर्वेला उगवतो. घेणाऱ्याचा हात वर गेलेला त्याने कधी पाहिला नव्हता. नक्कीच चुकून झाले असणार. बिचारा कांबळीवाला, बोटांच्या भाषेत कच्चा दिसतो. त्याने पुन्हा तीन बोटे धरली, या वेळी जरा जोराने, कळावे म्हणून.

पुन्हा पाच.

"अहो, तुमचं चुकतंय!" सोमिल ओरडलाच. उपरण्यातून हात बाहेर काढून त्याने तो वर धरला आणि बाजाराचा नियम मोडून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मी तीन म्हणतोय, तीन! हे बघा!"

सुदंताने कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या दुकानातले लोक माना उंच करून पाहू लागले. आपलाच भाव पाडायला भांडणारा विक्रेता तगरने तोवर पाहिला नव्हता.

बोधिसत्त्व हसले नाहीत. "माझं चुकलेलं नाही," ते म्हणाले. "तीन हा तुमच्या भीतीचा भाव आहे. भीती मला विकत घ्यायची नाही. मला माणूस हवाय, आणि त्याचा भाव पाच आहे. तो मला ठाऊक असताना मी तीन धरले, तर विरलेलं कापड चांगलं म्हणून खपवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"पण मी स्वतः तीन म्हणतोय ना!"

"तुम्ही आठ दिवस स्वतःबद्दल बाजारभर बरंच काही म्हणालात, माझ्याही कानावर आलंय. त्यातलं किती खरं होतं?"

 सोमिलचे डोळे भरून आले, आणि आठ दिवसांची सगळी भीती भर बाजारात, कांबळ्यांच्या ढिगासमोर, त्याच्या गालांवरून वाहू लागली. बोधिसत्त्वांनी त्याला पाणी दिले आणि तोंड पुसायला तेच उपरणे पुढे केले.

"दादा, वरच्या दोन गाठी कुठून आणायच्या?" सुदंत चिडून म्हणाला. "मेंढपाळांचं कमी करणार का?"

"माझ्या वाट्यातून," बोधिसत्त्व म्हणाले आणि त्यांनी अंगठी पुढे केली. साधी तांब्याची होती, किंचित सैल. सोमिलने बोटाला दोरा गुंडाळून ती बसवली.

घरी गेल्यावर त्याने घडले ते सगळे सांगितले. सुलसा आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "पाच देतोय म्हणणाऱ्याशी भांडलात?" ती म्हणाली. "नशीब माझं, समोरचा तरी शहाणा होता."

त्या वर्षी भद्रसेनांच्या पेढीला काही मोठा नफा झाला नाही. सोमिलला लोकर ओळखायलाच चार महिने लागले. बोधिसत्त्वांच्या घरी त्या हिवाळ्यात नवे कांबळे आले नाही, जुन्यालाच ठिगळ लावले. पण डोंगरातल्या चाळीस घरांचा माल पडून राहिला नाही. आणि सोमिल त्या पेढीवर केस पिकेपर्यंत राहिला. मध्ये मणिनागांनी दोनदा बोलावणे धाडले. दोन्ही वेळा त्याने निरोप पाठवला, "बरं, कळवतो."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या दारात उभ्या असलेल्या एका माणसासाठी सांगितली. तिष्य त्याचे नाव. त्याला धर्म शिकायचा होता, प्रव्रज्या घेऊन भिक्षू व्हायचे होते. पण सगळीकडून नकार खाऊन आलेला हा माणूस भिक्षूंपाशी हात जोडून एवढेच म्हणाला होता, की मला नुसते अंगण झाडायला तरी ठेवून घ्या.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा मणिनाग म्हणजे आज सर्वांत मोठा विहार बांधून देऊन त्यावर आपले नाव कोरायला सांगणारा तो श्रेष्ठी. सुलसा म्हणजे तिष्याची आई, जिने त्याला इथवर पाठवले. सुदंत म्हणजे हा भिक्षू, जो मघाशी कुजबुजला की झाडतो म्हणतोय तर झाडू दे. भद्रसेन मीच होतो. आणि सोमिल, तिष्या, तो तू. तेव्हाही तू तीनच बोटे दाखवली होतीस."

मग त्यांनी भिक्षूंना तिष्यासाठी चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, आणायला सांगितले.

भ्यालेल्या माणसाने स्वतःचा भाव पाडला तरी त्याला त्याचा खरा भाव सांगणे, आणि सांगून तो देणे, ही बोधिसत्त्वांची सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.