राखणदाराला बोललेला कोंबडा

एका गावात, डोंगर संपून भातखाचरं सुरू होतात त्या कोपऱ्यावर, एक बाई राहत होती. तिच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, काळ्या पिसांच्या आणि पिवळ्या पायांच्या कोंबड्या होत्या. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा आईने बांबूच्या डालग्यात घालून एक तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली कोवळी कोंबडी, आणि एक कोंबडा बरोबर दिला होता. त्यांचाच हा वंश. आई केव्हाच गेली, माहेरचं घरही राहिलं नाही. कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असत. उकिरडा उकरत, करवंदीच्या जाळीत शिरत, पेंढ्याच्या उडवीवर चढून बसत आणि दिवस कलला की आपल्या पायांनी घरी येत. पण मोकळ्या कोंबडीवर रानाचा डोळा असतो. वरून घार यायची, कुंपणातून मुंगूस यायचा. त्या वर्षी तर त्यांनी फारच हात धुऊन घेतले. भात घरात आलं तोवर परड्यात थोड्या म्हाताऱ्या कोंबड्या उरल्या आणि अंडी उबवून नुकतीच उठलेली एक कोंबडी. तिच्या पायांत पिल्लं घोटाळत होती. ही पिल्लं वाचली तर वंश राहणार होता, नाहीतर आईची शेवटची आठवण घारीच्या पोटात जाणार होती. बाईला दुसरं काही सुचत नव्हतं.

कोंबडे मात्र दोन होते. एकाचं नाव सरदार. तांबडालाल तुरा, कमानदार शेपटी. सकाळी उडवीवर उभा राहून आरवला की पलीकडच्या वाडीतली माणसं कामं थांबवून ऐकायची. खाण्यापिण्यात त्याचं सगळं यथास्थित होतं. दुसऱ्याचं नाव बोंबल्या. हा हडकुळा, मान सदा वाकडी, एक डोळा आभाळाकडे. चार दाणे सलग खाईल तर शपथ. मधेच मान उचलायची आणि बोंबलायचं, कधी असं, कधी तसं. तो ओरडला की कोंबड्या खाणं टाकून पळायच्या. बाई वैतागून त्याच्या अंगावर करवंटी भिरकावायची.

"अगो, हा कोंबडा आहे की भोंगा?" शेजारीण म्हणायची. "ह्याच्या भित्रेपणानं तुझ्या कोंबड्या अर्धपोटी राहतात."

"काय करू गो, जन्मालाच आलाय तसा," बाई म्हणायची.

त्या गावात एक रीत होती. भात घरात आलं की प्रत्येक घराने राखणदाराला राखण द्यायची. किंजळीच्या झाडाखाली एक पाषाण होता, तो राखणदार. गुरव त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचा आणि कोंबडा द्यायचा. मग वर्षभर घरदार, गुरंढोरं, कोंबडीकुत्रं राखणं हे त्याच्याकडे. बाईने त्या वर्षी पाषाणासमोर हात जोडून सांगितलं, "महाराजा, माझी पिल्लं राख. मी तुला कोंबडा देईन." कुठला, तेही तिथेच सांगितलं, कारण रीतच तशी होती. सांगताना तिला फार विचार पडला नाही. सरदार घराची शोभा होता. आणि शेजारीण म्हणालीच होती, "देव काय वजन करून घेतो?"

राखणीच्या आदल्या दिवशी तिने बोंबल्याला धरलं, पडवीत डालग्याखाली डाललं आणि वरून गोणपाट टाकलं, म्हणजे आत अंधार राहील आणि तो गप्प बसेल. तो गप्प बसला. कितीतरी दिवसांनी परडं शांत झालं. कोंबड्या निवांत चरत होत्या. बाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती आणि तिला वाटत होतं, हे आधीच करायला हवं होतं.

तेवढ्यात जमिनीवरून एक सावली सरकली. बाईने वर पाहीपर्यंत घार उडालेलीसुद्धा होती, आणि तिच्या पायात एक पिल्लू होतं. परड्यात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. सरदार उकिरड्यावर एका गांडुळाशी ओढाताण करत होता. ते गिळून झाल्यावर त्याने मान वर केली आणि झकास आरवला.

बाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने किंजळीच्या दिशेने तोंड केलं आणि म्हणाली, "महाराजा, अजून राखण दिली नाही म्हणून रागावलास ना? उद्या सकाळी आणते." माणूस एकदा चुकला की पुढचं सगळं त्याला त्या चुकीसारखंच दिसतं, तसं तिचं झालं.

सकाळ झाली. राखणीचा कोंबडा अंघोळ घालून न्यायचा असतो, म्हणून बाईने डालगं परड्यात आणून ठेवलं आणि गोणपाट काढलं. बांबूच्या फटींतून बोंबल्याच्या डोळ्यावर ऊन पडलं. बाई पाण्याचा तांब्या घेऊन वाकली, तोच त्याने मान वाकडी केली आणि एक डोळा आभाळाला लावला.

तिनेही सहज वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. ढग नाही, पाखरू नाही.

बोंबल्याच्या गळ्यातून एक बारीक, लांबच लांब किंकाळी निघाली. बाई ती रोज ऐकत होती, पण आज ती पहिल्यांदा कोंबड्यांकडे बघत होती. एका श्वासात परडं रिकामं झालं. म्हाताऱ्या कोंबड्या करवंदीच्या जाळीत गेल्या, आई कोंबडीने जागच्या जागी पंख पसरले आणि पिल्लं त्यांखाली नाहीशी झाली. एक पिल्लू लांब राहिलं होतं, ते पेंढ्याच्या काडीशेजारी काडीसारखं पडून राहिलं. अंड्यातून बाहेर येऊन त्याला आठवडाही झाला नसेल. त्याला हे कुणी शिकवलं होतं?

मग डोंगराच्या माथ्यावर एक ठिपका दिसला. तो मोठा झाला, त्याला पंख फुटले, आणि घार पंख आवळून अशी खाली आली की बाईच्या गालाला तिचा वारा लागला. पण खाली कुणीच नव्हतं. घारीने एक गिरकी घेतली आणि ती डोंगराकडे परत गेली.

बाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. आपल्याला घार दिसली तेव्हा कोंबड्या लपून बसलेल्या होत्या, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

थोड्या वेळाने डालग्यातून पुन्हा आवाज आला. हा वेगळा होता. तुटक, जाड, एकामागून एक, कॉक-कॉक-कॉक. आता कोंबड्या लपल्या नाहीत. जाळीतून बाहेर येऊन माना ताठ करून उभ्या राहिल्या, मग फडफडत उडवीवर आणि गोठ्याच्या छपरावर चढल्या. आई कोंबडीने पिल्लं बाईच्या पायांशी आणली. जमिनीवरचं संकट होतं, म्हणून सगळ्या वर चालल्या होत्या. बाईने कुंपणाकडे पाहिलं. शेराच्या झुडपांमधून मुंगसाचं तोंड डोकावत होतं. तिने तांब्याच फेकला आणि मुंगूस पळाला.

बाई डालग्याशेजारी बसली. एवढ्या वर्षांत तिने ज्याला बोंब म्हटलं ती भाषा होती. वरच्या संकटाला एक शब्द, खालच्या संकटाला दुसरा, आणि आठवडाही न झालेलं पिल्लू त्यांतला फरक जाणत होतं. घरात एकट्या तिलाच तो कळत नव्हता. चार दाणे सलग न खाता हा हडकुळा जीव दिवसभर आभाळ वाचत होता, आणि त्याबद्दल त्याला करवंट्या मिळत होत्या. तिने डालग्यावर हात ठेवला. देवळात गेल्यावर वाटतं तसं तिला आपल्याच परड्यात वाटलं.

सरदार तेवढ्यात गोठ्यातून बाहेर आला. किंकाळी ऐकून सगळ्यांत आधी तोच आत शिरला होता.

पण शब्द दिलेला होता. किंजळीखाली गाव जमलं होतं, गुरव कोयता घेऊन बसला होता. बाई बोंबल्याला काखेत धरून आली आणि तिने जे पाहिलं ते सांगितलं.

शेजारीण म्हणाली, "मग सरदाराला आण. कोंबड्याला कोंबडा."

गुरवाने मान हलवली. "बोललेला असेल तोच द्यावा लागतो, बाय. शब्द फिरवलास आणि उद्या घरावर काही आलं, तर मला विचारू नकोस."

"शब्द नाही फिरवत, काका," बाई म्हणाली. "फक्त आजचं गाऱ्हाणं मला घालू दे."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण तिचा चेहरा पाहून गुरव बाजूला सरकला. बाई पाषाणापुढे उभी राहिली.

"महाराजा, मी तुझ्याकडे राखण मागितली. ती तू कधीच माझ्या परड्यात ठेवली होतीस. मी आंधळी, तुझाच पहारेकरी कापून तुला द्यायला निघाले. हा तुझा म्हटला, तो तुझाच. त्याला तुझ्या नावाने सोडते. तुला दुसरं वाटत असेल, तर तूच सांग."

गुरवाने कोयता उचललाही नाही, ठेवलाही नाही.

तेव्हा बाईच्या काखेत बोंबल्याने मान वाकडी केली आणि एक डोळा आभाळाला लावला. सगळ्या गावाने वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. त्याने ती बारीक, लांब किंकाळी फोडली. खाली वाडीत गुरवाच्या स्वतःच्या अंगणातल्या कोंबड्या पाखरं पांगावीत तशा पांगल्या, आणि अंगण मोकळं झालं. मग डोंगराच्या माथ्यावर ठिपका दिसला.

गुरवाने कोयता पाषाणाच्या पायाशी ठेवला. तो म्हणाला, "ज्याला आपल्याआधी दिसतं, त्याच्यावर माझा हात नाही उठणार. नारळ आणा कुणीतरी." मग तो पाषाणाकडे वळून म्हणाला, "व्हय महाराजा," आणि सगळा गाव त्याच्यामागून म्हणाला.

त्या वर्षी बाईची उरलेली सगळी पिल्लं मोठी झाली, काळ्या पिसांची आणि पिवळ्या पायांची. बोंबल्या देवाचा म्हणून मोकळा फिरला आणि म्हातारा होऊन मेला. तो ओरडला की बाई हातातलं काम टाकून आधी वर बघायची, मग कुंपणाकडे. बहुतेक वेळा तिला काहीच दिसत नसे. तरीही ती बघायची, आणि करवंट्या चुलीत जायच्या.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: ज्याच्या ओरडण्याचा आपल्याला कंटाळा येतो, त्याला गप्प करण्याआधी तो कुठे बघतोय तिकडे एकदा आपणही बघावं.